कच्ची घाणी: कच्चं नेमकं काय?

थंडी पडली की वडोदऱ्यात कचरियुं दिसायला लागतं. तीळ आणि गूळ घाणीत रगडायचे, सुंठ-गंठोडा (पिंपळमूळ) घालायचा आणि तेल पुरतं सुटायच्या आत रगडणं थांबवायचं, की झालं कचरियुं. नाव आलं ते गुजरातीतल्या 'कचरवुं', म्हणजे चेचणे या क्रियापदावरून. गायकवाडांनी 1734 मध्ये शहर घेतलं तेव्हापासून मराठी इथे नांदते आहे. त्यामुळे मराठी 'घाणा' आणि गुजराती 'घाणी' यांचा इथे शेजार आहे. त्या शेजारातच एक कोडं दडलं आहे.

तेलाच्या डब्यावर 'कच्ची घाणी' छापलेलं असतं. पण घाणी कच्ची कशी असेल? वर्षानुवर्षं तेल प्यालेलं ते लाकूड तर चांगलं पक्कं!

गुजरातेत हे शब्द कानावर पडले की आधी कच्छ आठवतं. पण ही वाट लगेच बंद होते. गुजरातीत हेच तेल 'काची घाणी'चं, आणि 'कच्छी'तला छ असा गळून पडत नाही. उलट हिंदी-मराठीतल्या 'कच्चा'चं गुजराती रूप 'काचुं' हे अगदी नियमातलं. दुसरा अर्थ जास्त लोकप्रिय आहे: कच्ची म्हणजे गावठी, जुन्या पद्धतीची. तो पटण्यासारखा आहे, पण पुरेसा नाही. बी खमंग भाजून लाकडी घाण्यात घातलं तर? यंत्र तेच, गावठीपण तेच. तेल मात्र साफ वेगळं.

धागा सापडतो तो थेट स्वयंपाकघरात. मराठीत भज्यांचाही 'घाणा' निघतो. तेलाच्या घाण्याशी भज्यांचा संबंध तेलापुरताच नाही. एका वेळी घालायचा माल, तो घाणा. हिंदीत हाच 'घान', गुजरातीत 'घाण'. लग्नात 'घाणा भरतात' तेव्हा तर तेलही नसतं, बैलही नसतो. आंब्याची पानं बांधलेल्या मुसळांनी सुवासिनी हळद कांडतात. मग कयास असा की आधी 'घाणा' म्हणजे कांडायला घेतलेली भर, आणि ती भर रगडणाऱ्या यंत्राला तेच नाव पुढे चिकटलं. संस्कृत 'हन्', म्हणजे मारणे, या धातूशी नातं जोडणाऱ्यांना मुसळाचा हा पुरावा आवडेल. कानडीत 'गाण', तेलुगूत 'गानुग' आहे, म्हणून शब्द दक्षिणेचा असं कुणी म्हणेल. पण महाप्राण 'घ'चा 'ग' होणं दक्षिणेकडच्या उसनवारीत नेहमीचं. 'ग' फुगून 'घ' होणं त्या मानाने विरळा.

तसं असेल तर कोडं सुटतं: कच्ची आहे ती भर, म्हणजे न शेकलेलं, न वाफवलेलं बी. अडचण एवढीच की स्त्रीलिंगी 'घाणी' यंत्रालाच म्हणतात, भरीला नाही. विशेषण जुन्या अर्थाला धरून राहिलं आणि नाम पुढे सरकलं, असं म्हणून ही फट बुजवता येते.

मोहरी मात्र या तर्काच्या बाजूने खणखणीत साक्ष देते. तिचा नाकात जाणारा झणका बियात तयार नसतो. बी चेचलं आणि पाणी लागलं की मायरोसिनेज हे विकर बियातलं सिनिग्रिन फोडतं, तेव्हा तो झणका जन्मतो. बी आधीच तापवलं तर विकर मरतं आणि तेल मुकं होतं. म्हणून कच्च्या घाणीच्या मोहरी तेलाच्या दर्जात हा झणका देणाऱ्या द्रव्याचं प्रमाण तपासतात; घाणी कुठल्या लाकडाची, हे कुणी विचारत नाही.

तिळाचं उलट आहे. कच्च्या तिळाचं तेल फिकट, सौम्य; कोरियात-चीनमध्ये तीळ खरपूस भाजून काढतात ते तपकिरी, वासानेच ओळखू येणारं. भाजताना तिळातल्या सेसामोलिनपासून सेसामोल तयार होतं आणि हे सेसामोल तेलाला खवट होऊ देत नाही. म्हणजे 'कच्चं तेच उत्तम' हा हट्टही टिकत नाही.

घाण्याची जागा घेणारं तेल पिळायचं यंत्र, एक्सपेलर, 1900 च्या सुमारास अमेरिकेतून आलं. ते वापरणाऱ्या गिरणीत शेंगदाणा आधी वाफवतात. उष्णतेने पेशींच्या भिंती फुटतात, प्रथिनं गोठतात, तेल पातळ होऊन भराभर सुटतं आणि पेंडीत कमी उरतं. पण त्याबरोबर रंग आणि चिकट फॉस्फेटाइडंही जास्त उतरतात. लाकडी घाण्यातही घर्षणाची ऊब असतेच, फक्त ती बी फुटताना येते, आधी नाही.

तेव्हा घाण्यावर तेल घ्यायला गेलात, तर बैल आहे की मोटर हे मागाहून विचारा. आधी विचारा, 'दाणे शेकले होते का?'