उद्यानसंस्थांचीं दप्तरें

इतिहास म्हणजे केवळ लढाया व राजकारण असें मानल्यामुळें उद्यानसंस्थांच्या दप्तरांकडे संग्राहकांचें दुर्लक्ष झालें. पश्चिम हिंदुस्थानची कृषि-उद्यान संस्था १८३० सालीं स्थापन झाली. पुण्याचें एम्प्रेस गार्डन तिच्याच व्यवस्थेखालीं आहे. अशा संस्थांच्या रोपांच्या याद्या, बियाण्यांचे जमाखर्च व पुष्पप्रदर्शनांचीं पत्रकें हीं रद्दी नव्हेत. परदेशचें झाड आपल्या अंगणांत केव्हां रुजलें, याचा तो अस्सल पुरावा होय.

हिंगोली जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झाला. म्हणून येथील बागाइतीचा शोध करणारानें परभणीचीं, तसेंच १९४८ पर्यंतच्या निजामी अमलांतील उर्दू दप्तरें धुंडाळावीं, असें आम्हांस वाटतें. जुनें झाड मरण्यापूर्वीं कलम बांधतात. तशी कागदाची नक्कलही वाळवी लागण्यापूर्वींच करावी.