हद्दीपलीकडचे ऋण

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघाले म्हणजे वाटेत लिंबागणेश लागते. भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे हे गाव भाविकांस परिचित आहे. हाच रस्ता पुढे पाटोदा ओलांडून जामखेडास जातो. आज या वाटेने जाणाऱ्यास जिल्हा बदलल्याच्या पाटीखेरीज काही वेगळे दिसत नाही. परंतु १९४८ पर्यंत या दोन गावांच्या दरम्यान एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे. लिंबागणेश मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात. जामखेड इंग्रजांच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला अलीकडे अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे. इकडे हाली शिक्का, फसली साल व उर्दूत चालणारी अदालत. तिकडे कलदार रुपया, इसवी सन व मुनसफाची कचेरी. जामखेड तालुक्याची रचना तर अशी विलक्षण होती की, त्याची कित्येक गावे मोगलाईच्या गावांत मिसळून गेलेली होती.

अशा प्रदेशात कर्जाने गांजलेल्या माणसास हद्दीची आठवण व्हावी यात नवल ते काय? रातोरात गाडी जुंपून दहा कोस गेले म्हणजे राज्य बदलले, आणि राज्य बदलले म्हणजे सावकार हात चोळीत बसला, असा हिशेब कोणीही करील. तो हिशेब कितपत बरोबर होता, हे पाहणे मनोरंजक तर आहेच. पण आजही नोकरीधंद्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या आमच्या कुटुंबांच्या तो फार जवळचा आहे.

प्राचीन धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहता ऋणास ना हद्द ना मुदत. बापाचे कर्ज मुलाने सव्याज फेडावे, नातवाने निदान मुद्दल तरी फेडावे, असा त्याचा दंडक. धनकोच्या हावेस मात्र एक लगाम होता, तो दामदुपटीचा: एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज घेता येत नसे. हा नियम पुढे मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही हिंदूंपुरता मानिला. वसुलीची रीत मात्र शास्त्रात नव्हे, दारात ठरत असे. पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखावरील अहवालात एल्फिन्स्टनने तगाद्याचे वर्णन केले आहे. नुसत्या मागणीपासून आरंभ होऊन ऋणकोवर पहारा बसविणे, त्याचे अन्न तोडणे, डोक्यावर धोंडा देऊन भर उन्हात एका पायावर उभे करणे, येथवर त्याची मजल जाई. मोगलाईत याहून वाईट. एकोणिसाव्या शतकात तेथे अरब व रोहिले हे शिपाईही होते आणि सावकारही होते. ऋणकोस आपल्याच कोठडीत डांबून ठेवण्याइतके त्यांचे प्रस्थ माजले होते. १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाणगिरी करणाऱ्या पहिल्या सालारजंगास ते मोडून काढण्यासाठी पुष्कळ खटपट करावी लागली.

तेव्हा जामखेडाकडून मोगलाईत पळणारा ऋणको आगीतून निघून फुफाट्यात जात असे, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु आम्हास येथे सांगावयाची आहे ती कायद्याची गोष्ट. कारण ती अधिक सूक्ष्म आहे.

इंग्रजांनी १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या दाव्यास मुदत घातली. नोंदणी न केलेल्या साध्या खतावर तीन वर्षांत दावा न केल्यास तो बुडावा. हेतू चांगला, जुन्या, कुजलेल्या कागदांवर माणसास जन्मभर छळू नये हा. पण परिणाम उलटा झाला. मुदत भरत आली की सावकार कुणब्यास बोलावी, व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहवून घेई, आणि अक्षरशत्रू कुणबी त्यावर निशाणी करून घरी जाई. दर तीन वर्षांनी कर्ज नव्याने जन्मास येई, व प्रत्येक जन्मात ते अधिक धिप्पाड होई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंग्यास तोंड लागले आणि तो लवकरच अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. त्यावेळी लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या खतांवर होता. कागद हिसकावून घेऊन त्यांची होळी करणे हाच बहुतेक ठिकाणचा कार्यक्रम. ज्यास वाचता येत नव्हते त्यासही आपला शत्रू कोणता कागद आहे हे पक्के ठाऊक होते!

या दंग्यांतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा निघाला. त्याने न्यायाधीशास खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली, शेतकऱ्यास पैशाच्या हुकूमनाम्यापायी तुरुंगात टाकण्यास बंदी केली, आणि खते वारंवार बदलून घेण्याची निकड राहू नये म्हणून मुदतही वाढविली. हा कायदा जामखेडास लागू होता; लिंबागणेशास नव्हता.

आता हद्द ओलांडणाऱ्याची गोष्ट. जामखेडच्या ऋणकोने लिंबागणेशी येऊन तीन वर्षे दडून राहिले तर मुदत भरली काय? नाही. इंग्रजी मुदतीच्या कायद्यात एक कलम होते की, प्रतिवादी ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर जितका काळ असेल तितका काळ मोजावयाचा नाही. म्हणजे हद्दीवर पाऊल ठेविताक्षणी त्याचे घड्याळ बंद पडे, आणि वीस वर्षांनी मुलाबाळांच्या ओढीने तो परत आला की तेथूनच पुन्हा चालू होई. ज्या पळण्याने आपण सुटलो असे त्याला वाटे, त्याच पळण्याने त्याचे ऋण ताजे राही. घरी राहून सोसणारा शेजारी कदाचित मुदतीने मुक्त झालेला असे!

मात्र हद्दीत काहीच बळ नव्हते असेही नाही. एका राज्याच्या न्यायालयाचा हुकूमनामा दुसऱ्या राज्यात परका ठरे, आणि परक्या हुकूमनाम्यास अनेक आडकाठ्या. ग्वाल्हेरच्या एका मराठा सरदार घराण्याने संस्थानी न्यायालयात दावा लाविला. प्रतिवादी संयुक्त प्रांतातले, ते हजरच झाले नाहीत. १९४८ साली एकतर्फी हुकूमनामा झाला. पुढे संस्थान विलीन झाले, आणि तो हुकूमनामा अलाहाबादेस बजावण्यास नेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६२ साली निकाल लागला की, हुकूमनामा झाला तेव्हा तो परक्या न्यायालयाचा होता, व नंतर देश एक झाल्याने तो आपला होत नाही. गोव्याच्या बाबतीत नेमके उलट घडले. गोवा मुक्त होण्यापूर्वी मुंबईच्या न्यायालयाने दिलेला हुकूमनामा पुढे गोव्यात बजावता येतो, असे त्याच न्यायालयाने १९७६ साली ठरविले. दोन्ही निकाल एकत्र वाचणारास थोडे बुचकळ्यात पडावे लागते, हे आम्ही लपवीत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि लिंबागणेश-जामखेड यांमधली हद्द नकाशावर एक बारीक रेघ होऊन राहिली. त्याबरोबर ऋणकोचे जुने गणितही पालटले. आज पुण्यास क्रेडिट कार्डावर कर्ज करून बंगळुरास किंवा हैदराबादेस गेलेल्या तरुणाचे घड्याळ थांबत नाही. भारतात कोठेही असला तरी १९६३ च्या कायद्याची तीन वर्षे चालूच राहतात. हुकूमनामाही राज्याराज्यांतून फिरतो. मात्र तो अमेरिकेस गेला तर जामखेडच्या कुणब्याचीच गत: भारताबाहेरचा काळ मोजीत नाहीत.

आणि खत बदलून घेण्याची कला? तीही जिवंत आहे. मुदतीच्या आत कर्ज कबूल करणारी एक सही, किंवा सहीनिशी भरलेली एखादी क्षुल्लक रक्कम, तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मुदत टळल्यावरही लेखी वचन दिले तर ते १८७२ च्या कराराच्या कायद्याने बंधनकारक ठरते; तोंडाने दिलेले ठरत नाही. नव्या पत्त्यावर शोधीत येणारा वसुलीदार सलगीने ‘नुसती एक सही’ मागतो, तेव्हा तो काय मागत आहे हे सुप्याच्या कुणब्यास चटकन कळले असते. तुरुंगाची धमकीही फारशी खरी नसते. जो प्रामाणिकपणे फेडण्यास असमर्थ आहे त्यास कर्जापायी कोंडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले आहे. सकाळी आठच्या आत व सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा दंडक आहे. एल्फिन्स्टनने पाहिलेल्या तगाद्यापासून येथवर आलो, ही प्रगती लहान नव्हे.

परंतु बीड जिल्ह्यातून राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांत सर्वात मोठा समुदाय कार्डवाल्यांचा नाही, कोयतेवाल्यांचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढील हंगामाच्या डोक्यावर बसते. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ सालीच झाला. मुदतीचा कायदाही त्यांना लागू आहेच. पण ही बाकी न्यायालयात जातच नाही. ती मुकादमाच्या वहीत असते, आणि मुकादम बहुधा त्यांच्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा असतो.