बोटीतून उतरलेला पाहुणा

आज एका वेगळ्या पाहुण्याबद्दल बोलू. हा पाहुणा सकाळी येतो आणि दिवेलागणीच्या आत परत जातो. तो आपल्याकडे राहत नाही, कारण त्याची खोली, जेवण, पोहायचा तलाव, सगळं त्याच्या जहाजातच असतं. जहाज बंदराला लागलं की सात-आठ तास मोकळे मिळतात. तेवढ्या वेळात त्याला किनाऱ्यावर फिरवून आणायचं, हा जगभर एक मोठा धंदा आहे. जहाजवाले त्याला 'शोअर एक्सकर्शन' म्हणतात. आपण किनारा-सहल म्हणू.

तुम्ही म्हणाल, तळोज्यात बसून आपल्याला त्याचं काय? पण आपली कासाडी नदी खाडीला मिळते आणि खाडीचं पाणी पुढे मुंबईच्या बंदरात जातं. त्याच पाण्यात घारापुरी बेट उभं आहे, आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. मुंबईत उतरणाऱ्या पाहुण्याला दीडशे वर्षांपासून ज्या जागा दाखवतात, त्यात घारापुरीचा नंबर फार वरचा. म्हणजे ही गोष्ट आपल्या शेजारचीच आहे.

सुरुवात करू १८६९ पासून. त्या वर्षी सुवेझचा कालवा खुला झाला. त्याआधी विलायतेहून जहाजाने यायचं तर सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा घालावा लागे, त्यात महिनेच्या महिने जात. कालव्यामुळे तोच प्रवास काही आठवड्यांवर आला. मग नोकरी-व्यापार नसलेले, नुसती मौज म्हणून फिरणारे लोकही निघाले. थॉमस कुक नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८७२-७३ मध्ये पहिल्यांदा तिकीट काढून माणसांना जगाची फेरी घडवली. ती मंडळी आपल्या देशातून फिरून गेली. १८८१ मध्ये त्याच्या कंपनीने मुंबईत कचेरीच उघडली. पुढे १९०९ मध्ये 'क्लीव्हलँड' नावाचं जहाज सहाशेहून जास्त अमेरिकन प्रवासी घेऊन जगाच्या फेरीला निघालं, तेही मुंबईला थांबलं. बंदर, बाजार, लेणी पाहायची आणि परत जहाजावर जायचं, ही पद्धत तेव्हापासूनची.

घारापुरीची लेणी साधारण सहाव्या शतकातली. आतली तीन मुखांची शिवाची मूर्ती वीस फुटांच्या आसपास उंच आहे. पण बेटाचं जगातलं नाव काय? एलिफंटा. ते पोर्तुगीजांनी ठेवलं, कारण धक्क्याजवळ दगडात कोरलेला मोठा हत्ती होता. १८६४ मध्ये तो हत्ती विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे. हत्ती गेला, पण पाहुण्याने ठेवलेलं नाव राहिलं. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र घारापुरीच.

१८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज मुंबईत आला, तेव्हा त्याला या लेण्यातच मेजवानी दिली. मोठ्या पाहुण्याची नोंद पुस्तकात होते. पण ताटं कोणी वाहिली, पाणी कोणी भरलं, पायऱ्या कोणी झाडल्या, त्यांची नावं कुठे सापडत नाहीत. बाईच्या कामाचं असंच होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आज बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. १९८७ मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा म्हटलं. जगभरचे लोक येत राहिले, पण या गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. वारसा ठरल्यापासून मोजलं तरी मध्ये एकतीस वर्षं गेली. पाहुणा दारात आला म्हणजे घरात उजेड आलाच, असं नसतं.

तिथल्या बायकांनी या पाहुण्यावर आपला उद्योग बसवला. धक्क्यापासून लेण्यांपर्यंतच्या पायऱ्यांवर काकडी, कैरी, पेरू, मक्याचं कणीस विकायचं. काही बायका काष्टा नेसून, डोक्यावर कळशा घेऊन उभ्या राहतात आणि फोटो काढणाऱ्याकडून पैसे घेतात. कोणी नाक मुरडतं. पण विचार करा, लेण्याचा फोटो काढणारा तिकीट काढून आत जातो. मग बाईचा फोटो फुकट का?

आता पैशाचा हिशोब पाहू. किनारा-सहल बहुतेक वेळा जहाजावरच विकली जाते. कोणती बस, कोणता गाइड, कोणतं दुकान, हे पाहुणा जमिनीवर पाय ठेवायच्या आधीच ठरलेलं असतं. जहाजवाल्याचा वाटा जातो, मग एजंटाचा, मग बसवाल्याचा. पायरीवर बसलेल्या बाईपर्यंत उरते ती चिल्लर. घड्याळ ज्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात.

आणि गर्दीचा भारही गावावरच पडतो. इटलीतल्या व्हेनिस शहरात जहाजं इतकी वाढली की पाया खचतो म्हणून लोक रस्त्यावर उतरले. शेवटी २०२१ मध्ये सरकारने मोठ्या जहाजांना शहराच्या मधल्या कालव्यातून जायला बंदी केली. पाहुणा हवा, पण किती आणि कसा, हे गावाने ठरवावं लागतं.

हे आता बोलायचं कारण, आपल्याकडे जहाजं वाढणार आहेत. २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा सुरू झाली, २०२१ पासून 'कॉर्डेलिया' सुटू लागली. केंद्र सरकारने २०२४ मध्ये 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केलं. २०२५ मध्ये मुंबईत मोठं क्रूझ टर्मिनलही तयार झालं.

मग बचत गटाने काय करावं? एक उदाहरण आपल्याच कोकणात आहे. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली. होडी त्या स्वतः वल्हवतात. कांदळ म्हणजे काय, मासळीची पिल्लं त्याच्या मुळांत कशी वाढतात, हे त्याच सांगतात. त्यांनी जहाजाची वाट पाहिली नाही. पिढ्यान् पिढ्या जी खाडी माहीत होती, तीच त्यांनी दाखवायला घेतली. होडी त्यांची, माहिती त्यांची, म्हणून दरही त्यांचा.

आपल्या तळोज्याचं नाव २०१७ मध्ये जगभर गेलं, ते कशाने? निळ्या पडलेल्या कुत्र्यांमुळे. कारखान्याच्या रंगाचं पाणी नदीत गेलं होतं. कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न हरित लवादापर्यंत गेला, तो कोळी बांधवांची मासळी मेली म्हणून. खाडी मेली तर दाखवायला काही उरत नाही, आणि खायलाही नाही. म्हणून पाहुण्याच्या आधी पाणी. ग्रामसभा असो की महापालिका, पाण्याचा प्रश्न आपणच लावून धरायचा.

दुसरी गोष्ट जिवाची. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यातही माणसं गेली. बोटीत पाय ठेवताना लाइफ जॅकेट मागून घ्यायचं, आणि जादा माणसं भरली असतील तर सरळ उतरायचं. पाहुण्यालाही हेच सांगायचं.

येत्या मासिक सभेत एक काम करा. चार तासांसाठी पाहुणा आला तर आपण काय दाखवू, काय खाऊ घालू, त्याचे किती घेऊ, आणि काय अजिबात दाखवणार नाही, हे वहीत लिहून काढा. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, आगरी लग्नातली धवलारीणीची गाणी, यातलं विकायचं काय आणि घरचं म्हणून राखायचं काय, हे आपणच बसून ठरवायचं. आपण नाही ठरवलं, तर जहाजावर बसलेला कोणीतरी ते ठरवून मोकळा होईल.

पुन्हा भेटू. नमस्कार.