जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार होतो, वाड्याचा होतो, विहिरीचाहि होतो; परंतु यंत्राच्या बाबतींत हा शब्द योजण्याची आपल्याकडे रीत नाहीं. यंत्र जुनें झालें, कीं तें मोडींत जावयाचें, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. तरीहि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गेलीं सत्तर-ऐंशी वर्षें एक वाहन असें आहे, कीं जें मोडींत जाण्याच्या घटकेला पुष्कळदां नव्यानें जन्मास आलें. तें म्हणजे मोटारसायकल. आपल्या आवाजावरून नांव मिळविलेली लोकांच्या तोंडची फटफटी. हा पुनर्जन्म कारखान्यांत झाला नाहीं. तो घराच्या ओसरीवर, कडुनिंबाच्या सावलींत, चार पाने, एक हातोडी आणि रॉकेलची परात एवढ्या सामग्रीवर झाला.

या वाहनाचें मूळ पाहिलें तर तेंहि असेंच घरगुती जोडकाम होतें. गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञांनीं कानश्टाट येथें डाइमलरच्या बंगल्याच्या बागेंतील काचघरांत आपली कार्यशाळा थाटली होती. तेथेंच १८८५ सालीं लांकडी सांगाड्यास लहानसें इंजिन जोडून त्यांनीं स्वयंचलित दुचाकी तयार केली. १८९४ पासून म्युनिक येथील हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांनीं मोटारसायकली संख्येनें विकावयास काढल्या, आणि १९०१ मध्यें इंग्लंडांत रेडिच येथें रॉयल एनफील्डची पहिली मोटारसायकल निघाली. घरांतून कारखान्यांत गेलेलें हें यंत्र आपल्या देशांत मात्र कारखान्यांतून पुन्हां घरांत आलें. असें कां झालें, याचें उत्तर बाजारपेठेइतकेंच आपल्या रस्त्यांत आहे.

बुलढाणा जिल्ह्यांतील मोताळा हें गांव त्या दृष्टीनें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापुरावरून जातो. जिल्ह्याचें मुख्य ठिकाण बुलढाणा मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, लोहमार्गापासून दूर वसलेलें. या दोहोंना जोडणाऱ्या रस्त्यावर मोताळा आहे. एका बाजूस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळीभोर कपाशीची जमीन, दुसऱ्या बाजूस राजूर घाटाची चढण. पावसाळ्यांत काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें दाटून बसते व चाक जागच्या जागीं अडकतें. उन्हाळ्यांत तीच माती धूळ होऊन कार्ब्युरेटरच्या वाटेनें इंजिनांत शिरते. आणि घाटांत तर इंजिनाच्या दमाची परीक्षाच होते. इंग्लंडच्या डांबरी रस्त्यांसाठीं घडविलेलें यंत्र अशा मुलखांत जसेंच्या तसें चालणें कठीण. येथें त्याला मातीशीं आणि घाटाशीं जमवून घेणें भाग होतें.

जुन्या मोटारसायकलींची मोठी आवक दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. ब्रिटिश सैन्यासाठीं बी.एस.ए. कंपनीनें ‘एम-२०’ नांवाच्या गाड्या सव्वा लाखाहून अधिक बनविल्या होत्या. नॉर्टन, मॅचलेस, एरियल यांच्याहि गाड्या लष्करांत होत्या. १९४५ मध्यें युद्ध संपलें आणि लष्कराला नको झालेला माल विक्रीस निघाला. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग त्या काळीं घरोघर ऐकूं येई. एम-२० चें ४९६ घनसेंटिमीटरचें इंजिन वेगानें मंद, पण ओढीनें दमदार. रचना साधी आणि बांधणी भक्कम. परंतु पुढें परदेशी चलनाची चणचण व आयातीवरील निर्बंध यांमुळें तिचे सुटे भाग दुर्मिळ झाले. गाडी हाताशीं आहे, पण तिचा भाग हजारों मैलांपलीकडे, अशा पेंचांतून घरच्या कारागिराचा जन्म झाला.

दुरुस्तींतून निर्मितीकडे जाणारी ही वाट मराठी माणसास अगदींच नवी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवच्या सायकलींच्या दुकानापासून झाला. पुढें त्यांच्या कारखान्यांतून लोखंडी नांगर निघाले आणि १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. वऱ्हाडांत मलकापूर-खामगांवच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांनीं, आणि शेजारच्या खानदेशांत भुसावळच्या रेल्वेनें, इंजिनाशीं परिचय असलेले हात तयार केले होते. ज्याला पट्टा, चक्री आणि बेअरिंग ठाऊक आहे, त्याला मोटारसायकलचें इंजिन हें निराळ्या जातीचें जनावर वाटत नाहीं.

स्वदेशी गाड्या आल्या तरी जुन्या गाडीचें महत्त्व कमी झालें नाहीं. १९५५ मध्यें मद्रासला एनफील्ड इंडियाची स्थापना होऊन बुलेट येथें जोडली जाऊं लागली. १९६० च्या सुमारास म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनें चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचें उत्पादन हातीं घेतलें. तीच गाडी पुढें येझदी म्हणून प्रसिद्ध झाली. १९६२ पासून एस्कॉर्ट्सची राजदूत निघाली; दुधाच्या बरण्या दोहों बाजूंस लटकवून धांवणारी राजदूत पुढें खेड्यांतलें नेहमींचें दृश्य बनली. परंतु नवी गाडी घेणें ही कित्येक वर्षें पैशाचीच नव्हे, तर धीराचीहि गोष्ट होती. म्हणून एकदां घरांत आलेली गाडी बापाकडून मुलाकडे जाई, आणि मध्यंतरीं एक-दोनदां तरी ती पुरी खोलली जाई.

हें खोलणें कसें चाले, तें समजून घेण्यासारखें आहे. प्रथम इंजिन सांगाड्यावरून उतरवावयाचें, प्रत्येक भाग रॉकेलनें धुवावयाचा आणि ज्या क्रमानें निघाला त्याच क्रमानें पोत्यावर मांडावयाचा. माहितीपुस्तक बहुधा नसेच. तो क्रम हेंच पुस्तक. पिस्टनच्या सततच्या घासणीनें सिलिंडरचें गोल भोंक अंडाकृति होतें. मग दाब निसटतो आणि इंजिन तेल पिऊं लागतें. असा सिलिंडर पिशवींत घालून लेथ असलेल्या गांवीं न्यावा लागे. तेथें बोअर करून भोंक २०, ३० किंवा ४० हजारांश इंचांनीं वाढवीत व त्या मापाचा पिस्टन घालीत. वाढविण्यास जागा उरली नाहीं, कीं लायनर बसवून पुन्हां मूळ मापावर येत. व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर खरखरीत लेपानें घासून त्यावर रॉकेल ओतून पाहावयाचें. थेंबहि पाझरतां कामा नये. ठिणगीची वेळ साधण्यासाठीं पॉइंटच्या फटींत सिगारेटचा पातळ कागद धरावयाचा आणि तो कोणत्या क्षणीं सैल होतो, हें बोटांनीं जाणावयाचें. मापक यंत्रांची उणीव अशा रीतीनें स्पर्श आणि कान यांनीं भरून काढली.

याच ओसरीवर दुरुस्तीची सीमा ओलांडून गाडीचें रूपांतर होई. घाट चढण्यासाठीं पुढील दांतेरी चक्रीचा एक दांता कमी करणें, हें त्याचें साधें उदाहरण. सतरा दांत्यांच्या जागीं सोळा दांत्यांची चक्री घातली, कीं त्याच इंजिनाच्या फेऱ्यांत वेग सुमारें ६ टक्क्यांनीं घटतो; तितकी ओढ मात्र वाढते. चिखल दाटूं नये म्हणून मडगार्ड उंच करणें, ओझ्यासाठीं मागें लोखंडी चौकट जोडणें, हेंहि त्यांतलेंच. पेट्रोल महागलें तेव्हां कित्येक ठिकाणीं बुलेटच्या सांगाड्यांत डिझेलचें लहान इंजिन बसविण्यांत आलें. पुढें खुद्द एनफील्ड कंपनीनेंच ग्रीव्ह्ज-लोंबार्डिनी इंजिनाची डिझेल बुलेट विकली.

घरच्या घरीं केलेलें रूपांतर किती दूर जाऊं शकतें, याचा दाखला न्यूझीलंडांत मिळतो. इन्व्हरकार्गिल येथील बर्ट मन्रो यानें १९२० सालची इंडियन स्काउट गाडी घेतली. तिचें इंजिन ६०० घनसेंटिमीटरचें, आणि वेग ताशीं ५५ मैलांच्या आसपास. १९२६ पासून तो तिच्यावर काम करीत राहिला. पिस्टन तो जुन्या डब्यांच्या साच्यांत स्वतः ओती. १९६७ मध्यें, वयाच्या ६८ व्या वर्षीं, अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यानें याच गाडीवर ताशीं १८३ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. फुटलेले पिस्टन व झिजलेले दांडे त्यानें फेंकले नाहींत. ते फळीवर मांडून, गतिदेवतेस वाहिलेला नैवेद्य अशा अर्थाची पाटी त्यावर लावली होती. त्याच्या चाळीस वर्षांच्या प्रयोगांचा हिशेब त्या फळीवर कोणासहि वाचतां येई.

आपल्याकडील कारागिरांचा असा हिशेब बहुधा राहिला नाहीं. १९८४-८५ पासून जपानी सहकार्यानें बनलेल्या हलक्या, तेल वांचविणाऱ्या गाड्या आल्या, त्यांपैकीं आर. एक्स. १०० चें उत्पादन १९९६ मध्यें थांबलें, त्याच वर्षीं म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखानाहि बंद पडला. आणि मग एक नवल घडलें. गरजेपोटीं होणारें काम हौसेचें झालें. जी गाडी भंगारवाला वजनावर नेई, ती आतां चढ्या किंमतीस शोधून आणून उजळली जाते.

या हौसेला कायद्याची चौकट आहे, आणि ती जाणून घेणें आवश्यक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, उत्पादकानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल करण्यास सामान्यतः मनाई करतें. २०१९ च्या आरंभीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हाच अर्थ अधोरेखित केला. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें दर ५ वर्षांनीं ती नवी करून घ्यावी लागते. २०२१ मध्यें पन्नास वर्षांवरील खासगी गाड्यांसाठीं ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम झाले. त्यांत गाडी मूळ स्वरूपांत असण्याची अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं.

या नियमांमागील हेतु योग्यच आहे. सांगाडा कापून डकविलेली, सायलेन्सर उपटून गांव हादरविणारी गाडी ही कारागिरी नव्हे. चालविणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्याहि जिवाशीं तो खेळ आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीनें एक पेंच उरतोच. ज्या गाडीनें चाळीस वर्षें राजूर घाट चढला, तिचें ‘मूळ रूप’ कोणतें म्हणावयाचें? मद्रासच्या कारखान्यांतून निघालें तें, कीं घाटासाठीं चक्री बदलून, बोअर वाढवून, चौकट जोडून तिनें घेतलें तें? सर्व बदल खरवडून काढून तिला पुन्हां कोरी केली, तर कारखान्याचा इतिहास हातीं येतो. पण तिला जगविणाऱ्या माणसांचा इतिहास त्या खरवडीबरोबर निघून जातो.

देवळाच्या जीर्णोद्धारांत जुना शिलालेख चुन्याखालीं गाडणाऱ्यास जाणते लोक दोष देतात. जुनी फटफटी उभी करणारानेंहि तेवढा विवेक बाळगावा. काढलेला भाग फेंकण्यापूर्वीं एका वहींत त्याची नोंद करावी: काय होतें, काय बदललें, कोणत्या अडचणीमुळें बदललें आणि तें काम कोणाच्या हातचें. ज्यांनीं सिगारेटच्या कागदावर ठिणगीची वेळ साधली, ते हात आतां थकले आहेत. त्यांतील कांहींजण तालुक्याच्या गांवीं अजून भेटतात, आणि विचारलें तर सांगतातहि. ती वही त्यांच्या हयातींत लिहिली जाणें, हें इंजिन पुन्हां सुरू होण्याइतकेंच निकडीचें काम आहे.