खानदेशातील स्थलांतरित मूळपुरुषाचा शोध

खानदेशातील स्थलांतरित मूळपुरुषाचा शोध म्हणजे बाहेरील प्रदेशातून जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत येऊन स्थायिक झालेल्या कुळाच्या पहिल्या ज्ञात पूर्वजापर्यंत पुराव्यांच्या आधारे पोहोचण्याची वंशावळ-संशोधनाची पद्धत होय. ज्या पूर्वजापासून कुळाच्या पुढील सर्व शाखा फुटतात, त्यास मूळपुरुष असे म्हणतात.

पार्श्वभूमी

तापीच्या खोऱ्यातील खानदेश हा गुजरात, माळवा व वऱ्हाड यांना जोडणारा प्रदेश आहे. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर फारुकी राजवट संपून येथे मुघलांची सत्ता आली. पुढे मराठ्यांचा अंमल बसला आणि १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. या काळात शेतकरी, व्यापारी व कारागीर कुटुंबे निरनिराळ्या दिशांनी येथे आली. लेवा पाटीदार व गुजर समाजांच्या परंपरेत गुजरातेतून आल्याची स्मृती आहे. लेवा परंपरेत पावागडाचा उल्लेख येतो. गुजरी बोलीचे गुजरातीशी असलेले साम्य स्थलांतराच्या दिशेला पुष्टी देते. मात्र त्यावरून विशिष्ट कुटुंब केव्हा आले हे ठरत नाही.

साधने

भाटांच्या वह्या: गुजरातेत वंशावळी लिहिणाऱ्या व वाचून दाखवणाऱ्या भाटांना ‘वहीवंचा बारोट’ म्हणतात. त्यांच्या वह्यांत जुन्या पिढ्यांची नावे व मूळ गाव मिळते. यजमान कुळाचा गौरव हाही त्यांचा हेतू असल्याने आरंभीच्या पिढ्यांत दंतकथा मिसळलेल्या असतात.

तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या: नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय यात्रेकरूंचे नाव, गाव, जात व आप्त यांची नोंद ठेवत. नोंद यात्रेच्या वेळीच होत असल्याने ती अधिक विश्वसनीय ठरते.

महसुली कागद: खानदेशात जमीन मोजणीस १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी विरोध केला होता; मोजणीनंतर मात्र खातेदारांच्या नोंदी नियमित झाल्या. फेरफार नोंदींतून बाप-लेकाचे नाते थेट सिद्ध होते, कारण वारसाने जमीन नावावर होताना मृताचे व वारसांचे नाव एकत्र लिहिले जाते. कोतवाल बुक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाव नमुना १४ मध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत आहेत.

इतर साधने: शाळेतील दाखल-खारीज नोंदवही, छापील कुलवृत्तांत आणि १८८० चे खानदेश गॅझेटिअर. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळे येथे निधन झाले. त्यांच्या नावाने तेथे चालणाऱ्या संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे व हस्तलिखिते जतन केलेली आहेत.

पद्धती व अडचणी

शोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे हयात पिढीपासून मागे करावा लागतो. परंपरेतील मूळपुरुषापासून आरंभ करून खाली येण्याचा प्रयत्न केल्यास समान नावाच्या भिन्न व्यक्ती एकमेकांना जोडल्या जातात. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे हा धोका वाढतो.

पाटील, चौधरी, महाजन, देशमुख ही आडनावे मूळची पदे वा मानाची नावे असल्याने ती अनेक कुळांत व जातींत आढळतात. केवळ आडनावावरून नाते ठरवता येत नाही. स्त्रियांची नावे वंशावळीत सहसा गळतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर असोद्याच्या महाजनांचे होते, परंतु सासरच्या आडनावावरून ते कळत नाही.

पिढ्यांची संख्या ही साधी कसोटी आहे. एका पिढीस सरासरी २५ ते ३० वर्षे धरल्यास नऊ पिढ्यांत २२५ ते २७० वर्षे भरतात. पावागडाच्या पायथ्याचे चांपानेर १४८४ मध्ये महमूद बेगड्याने जिंकले. त्या सुमारास कूळ निघाले असे सांगणाऱ्या वंशावळीत नऊच नावे असतील, तर मधल्या पिढ्या गळाल्या आहेत किंवा स्थलांतर उत्तरकालीन आहे.

ह्यूगनॉट वंशशोधाशी तुलना

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६८५ मध्ये नँटचा आदेश रद्द केल्यावर ह्यूगनॉट या नावाने ओळखले जाणारे प्रॉटेस्टंट पंथीय लोक देशोधडीस लागले. त्यांपैकी काही कुटुंबे १६८८ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत पोहोचली. तेथे फ्रेंच भाषा काही पिढ्यांतच लोपली आणि ‘व्हियों’चे ‘फिल्युन’ असे आडनावांचे रूपांतर झाले. तरीही कंपनीचे दप्तर व चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी यांमुळे पहिल्या पूर्वजाचे आगमन अनेकदा ठरवता येते. खानदेशात आगमनाची अशी नोंद करणारी यंत्रणा नव्हती. त्यामुळे येथे मूळपुरुषाचे आगमन बहुधा वर्षाने नव्हे, तर कालखंडानेच सांगता येते.

कायदेशीर महत्त्व

महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते आणि ठरावीक दिनांकापूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक आहेत. पितृपक्षाकडील रक्तनात्यातील व्यक्तीचे वैधता प्रमाणपत्र महत्त्वाचा पुरावा मानले जाते. म्हणून येथे दूरच्या मूळपुरुषाच्या कीर्तीपेक्षा पणजोबा, आजोबा व वडील यांना जोडणारी सलग नोंद निर्णायक ठरते. त्यातील एक दुवा चुकल्यास विद्यार्थ्याचा प्रवेश किंवा उमेदवाराची नोकरी अडचणीत येऊ शकते.