परसातली दुनिया आणि साताऱ्यात जन्मलेला साहेब

आजचा भाग मी साताऱ्याला, आजीच्या घरी रेकॉर्ड केलाय. मागे बुलबुल ओरडला तर एडिटिंगचा घोळ समजू नका, तो इथलाच आहे.

मे महिना, दुपारचे तीन. पुढच्या अंगणात पाय भाजतो, पण मागचं परस गार. कारण साधं आहे: मोरीचं पाणी. भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी आजी गटारात सोडत नाही. मातीच्या पाटातून ते आधी कर्दळीला, मग अळूला, शेवटी केळीला जातं. त्या ओलीवर किडे-गांडुळं, त्यांच्यावर टपलेला दयाळ, केळफुलावर शिंजीर. सगळा संसार एका मोरीवर चाललाय.

आणि आता मामा म्हणतोय, पाइप टाकू आणि सगळीकडे फरशी घालू. तो काही व्हिलन नाही हं. गेल्या पावसाळ्यात आजी याच पाटाशी घसरली, मनगट मोडलं. डासही आहेत. त्यामुळे दोन दिवस घरात वाद चाललाय, आणि मी दोन्हीकडून मान हलवतोय.

या वादात मला एक माणूस आठवला. एडवर्ड हॅमिल्टन एटकन. जन्म १८५१, कुठला? इथलाच, साताऱ्याचा! वडील स्कॉटिश मिशनरी. एटकन शिकले मुंबई-पुण्यात, डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिन शिकवलं, मग कस्टम आणि मीठ खात्यात नोकरी केली. लिहायचे ते 'ई. एच. ए.' एवढ्याच सहीने.

तो काळ आठवा. साहेब लोक वाघ मारायचे आणि त्यावर पुस्तकं लिहायचे. एटकननी १८८३ मध्ये 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' लिहिलं, आणि त्यातल्या 'टोळ्या' कोण? उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, बेडूक, डास. तेव्हा सरकार वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांशी झगडत होतं. हे म्हणाले, माझी सरहद्द म्हणजे माझ्या बंगल्याचं कुंपण. विनोद होताच, पण त्यामागे तासन्‌तास केलेलं निरीक्षण होतं. भिंतीवरची पालसुद्धा नीट बघण्यासारखी असते, हे त्यांनी वाचकांना पटवलं.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, भायखळ्याच्या तेव्हाच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली. आठांत एटकन होते, आणि दोन आपले डॉक्टरही: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रुखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. पुढे डासाच्या एका जातीला एटकनचं नाव मिळालं, 'ॲनॉफिलीस एटकेनी'. मामाला हे सांगितलं, तर म्हणाला, "बघ, शेवटी डासच!"

पण मला एक गोष्ट खटकते. १८८९ मध्ये एटकननी 'बिहाइंड द बंगलो' लिहिलं, घरातल्या नोकरांवर. स्वयंपाकी, धोबी, आया. तिथे सूर बदलतो. मुंगीकडे कुतूहलाने बघणारा माणूस या माणसांकडे बघून बहुतेक वेळा फक्त हसतो. कुठला पक्षी कुठल्या झाडावर बसतो, कुठली वेल कधी फुलते, हे त्या लोकांनाही रोजच्या कामातून माहीत असणारच. पण ते कुणी विचारलं नाही, त्यांनी लिहिलं नाही. आपल्या हाती आली ती साहेबाची वही.

मग मी काल फोन आजीसमोर ठेवला आणि विचारलं, "आजी, परसात कोण कोण येतं?"

चाळीस मिनिटं बोलत होती. मुंगूस कधी येतं, दयाळाची जोडी भिंतीच्या कुठल्या भोकात घरटं करते, काळ्या मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या की ती सरपण आत का घेते. विहिरीवर मोटार बसायच्या आधी पाणी शेंदून झाडं कशी जगवायची, तेही. मध्येच थांबून म्हणाली, "हे कशाला रेकॉर्ड करतोस? हे काय कुणाला माहीत नाही होय?"

खरं सांगू? मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. मामालाही नव्हतं. तो दारात उभा राहून ऐकत होता.

सध्या ठरलंय ते एवढंच: आजीच्या चालण्याच्या वाटेवर खडबडीत फरशी, आणि पाट सरकवायचा दोन हात पलीकडे. बाकी पावसाळ्यानंतर बघू. डासांचा प्रश्न आहे तिथेच आहे.

सुट्टीत गावी असाल तर एक करा. फोन बाहेर काढलाच आहे, तर रेकॉर्डर चालू करा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "परसात कोण कोण येतं?" मग मध्ये बोलू नका.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, खिडकीत पाण्याचं परळ ठेवलंत ना?