महामार्गावरील कामे आणि बदलती वेगमर्यादा

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला वळसा घालणाऱ्या आंतरराज्य महामार्ग क्रमांक ६९५ वर २२ मार्च २०२३ रोजी भर दुपारी एक भरधाव मोटार रस्त्याच्या कामासाठी बंद ठेवलेल्या पट्ट्यात घुसली आणि तेथे काम करणारे सहा जण ठार झाले. त्या ठिकाणी काँक्रीटचे तात्पुरते कठडे उभारलेले होते. कठड्यांमध्ये जी मोकळी जागा राहिली होती, तिच्यातून ती मोटार आत आली. या दुर्घटनेनंतर मेरीलंड राज्याने २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कामाच्या जागी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांची व्याप्ती वाढवली आणि दंडाची रक्कमही वाढवली.

अशा घटना वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतात आणि त्यामुळे महामार्गावरील कामाच्या जागी जीव धोक्यात येतो तो मजुरांचाच, असा समज दृढ होतो. वस्तुस्थिती काहीशी वेगळी आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये अशा ठिकाणच्या अपघातांत सुमारे ८९० जणांचा मृत्यू झाला. अशा मृतांपैकी साधारणतः पाचांपैकी चार जण वाहनांचे चालक वा प्रवासी असतात. तेथील जीवघेण्या अपघातांत पुढच्या वाहनावर मागून आदळण्याच्या प्रकारांचे प्रमाण इतर रस्त्यांच्या तुलनेत बरेच अधिक असते आणि त्यांत अवजड वाहनांचा वाटा मोठा असतो. म्हणजेच कामाच्या जागी वेग आवरणे ही रस्त्यावर उभ्या असलेल्या मजुराइतकीच मोटारीत बसलेल्या कुटुंबाचीही गरज आहे.

मागून धडक का बसते, याचे उत्तर रस्त्याच्या रचनेत आहे. तीन मार्गिकांपैकी एक बंद झाली की उरलेल्या दोन मार्गिकांना गर्दीच्या वेळी तेवढी वाहने सामावून घेता येत नाहीत. मग रांग लागते. ही रांग एका जागी थांबून राहत नाही. तिचे शेपूट मागे मागे सरकत जाते आणि काही वेळातच ‘पुढे काम चालू आहे’ या पहिल्या फलकाच्याही मागे पोहोचते. वळणापलीकडे किंवा चढाच्या माथ्यापलीकडे उभ्या असलेल्या या शेपटाकडे येणारा चालक अजून मोकळ्या रस्त्याच्या वेगातच असतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार ताशी १०० किलोमीटर वेगातील वाहन सुरक्षितपणे थांबण्यासाठी १८० मीटर अंतर गृहीत धरावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाला हेच अंतर ८० मीटर पुरते. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ६० ऐवजी १०० च्या वेगाने बसलेली धडक जवळजवळ पावणेतीन पट जोराची असते.

डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील ग्रामीण महामार्गांच्या अभ्यासातून एक निष्कर्ष मांडला. रस्त्यावरील सरासरी वेगाच्या आसपास चालणारी वाहने अपघातात सर्वात कमी सापडतात. सरासरीपेक्षा फार जलद किंवा फार सावकाश जाणाऱ्यांचा धोका वाढत जातो, असे त्यांना आढळले. पुढे या अभ्यासावर टीकाही झाली. सावकाश वाहनांत वळण घेण्यासाठी मंदावलेली वाहने मोजली गेल्याने तो धोका फुगलेला दिसतो, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. स्वीडनच्या गोरान निल्सन यांच्या सूत्राप्रमाणे तर मुळात सरासरी वेग महत्त्वाचा असून तो पाच टक्क्यांनी कमी झाला तरी जीवघेणे अपघात सुमारे २० टक्क्यांनी घटतात. तथापि कामाच्या जागेपुरते पाहिल्यास दोन्ही विचार एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तेथे वेगवान वाहन आणि थांबलेले वाहन एकाच मार्गिकेत, काही सेकंदांच्या अंतराने असतात. वेगातील ही तफावत मोडून काढणे हाच खरा प्रश्न आहे.

स्थिर फलकाला हे काम जमत नाही. कंत्राटदार काम सुरू होताना ‘ताशी ४०’ असा फलक रोवतो आणि तो दिवसरात्र तेथेच राहतो. रविवारी मजूर सुटीवर असतात, रस्ता रिकामा असतो, तरीही फलक ४० च सांगतो. सोमवारी सकाळी दोन किलोमीटरची रांग लागलेली असते, तेव्हाही तो ४० च सांगतो. काम संपल्यावर तो काढण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही. रोज त्याच रस्त्याने जाणारा चालक चार-पाच दिवसांत या आकड्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि ज्या दिवशी तो आकडा खरा असतो त्या दिवशीही त्याची सवय बदलत नाही. याहून वाईट म्हणजे काही चालक फलक पाळतात व काही पाळत नाहीत. त्यामुळे जी तफावत कमी व्हायची ती वाढते. चालकांच्या बेशिस्तीवर बोट ठेवणे सोपे असते, परंतु फलकाने आधी खरे बोलायला हवे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

परिवर्तनीय वेगमर्यादा, म्हणजेच परिस्थितीनुसार बदलणारी वेगमर्यादा, ही कल्पना या अडचणीवरील उपाय म्हणून पुढे आली. मूळ कल्पना कामाच्या जागांसाठी नव्हती. जर्मनीत म्युनिच आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरील साल्झबर्ग यांच्या दरम्यान ए-८ महामार्गावर १९६५ मध्येच असे फलक लावण्यात आले होते. त्यांवर ६०, ८० किंवा १०० हे आकडे माणसे हाताने बदलत असत. ब्रिटनमध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर १९९५ मध्ये ही पद्धत आली, तेव्हा आकडा ठरवण्याचे काम रस्त्यात बसवलेल्या संवेदकांकडे आणि संगणकाकडे गेले होते. कामाच्या जागी मात्र वेगळी अडचण असते. तेथे रस्त्याची रचनाच दर आठवड्याला बदलते; त्यामुळे कमानीवर कायमचे बसवलेले फलक उपयोगी पडत नाहीत. सौर पट्ट्यांवर चालणारी, चाकांवर ओढून नेता येणारी रडार आणि प्रकाशफलकांची यंत्रणा स्वस्त झाली तेव्हाच हा प्रयोग शक्य झाला.

मिशिगन राज्यात लान्सिंगजवळ आंतरराज्य महामार्ग ९६ वर २००२ च्या उन्हाळ्यात संघीय महामार्ग प्रशासनाच्या पुढाकाराने असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष उत्साहाला आवर घालणारे होते. कामाच्या टप्प्यातून जाण्यास लागणारा वेळ थोडा कमी झाला, सरासरी वेग किंचित वाढला आणि ताशी ६० मैलांच्या, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरच्या, वर जाणाऱ्या वाहनांचे प्रमाण घटले. परंतु वेगातील तफावतीवर स्पष्ट, सातत्यपूर्ण परिणाम दिसला नाही. सरासरी वेग वाढला, हे वाचून सुरक्षेच्या प्रयोगाचा उलटाच परिणाम झाला असे वाटण्याचा संभव आहे. पण रस्ता मोकळा असताना फलकाने अधिक मर्यादा दाखवावी, हेच या पद्धतीत अभिप्रेत आहे.

अधिक बोलके निष्कर्ष मिनेसोटा राज्यातून मिळाले. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरातील आंतरराज्य महामार्ग ४९४ वर एका कामाच्या जागी २००६ मध्ये तीन आठवडे ही यंत्रणा चालवण्यात आली. येथे वेग दोन टप्प्यांत उतरवण्याची योजना होती. पुढे, अरुंद झालेल्या भागात, वाहने प्रत्यक्षात किती वेगाने सरकत आहेत हे संवेदक मोजत. त्यावरून मागच्या फलकांवरील आकडे ठरवले जात, जेणेकरून कामाच्या जागी पोहोचेपर्यंत येणाऱ्या वाहनाचा वेग पुढच्या प्रवाहाइतका झालेला असे. कोणालाही करकचून ब्रेक दाबावा लागू नये, असा हेतू होता.

परिणाम मोजण्यासाठी निवडलेली कसोटी लक्षात घेण्याजोगी आहे. सरासरी वेग किती उतरला, हे न पाहता कामाच्या टप्प्यात एकाच मिनिटात वेगातील सर्वाधिक फरक किती असतो, हे पाहिले गेले. सकाळी सहा ते आठ या गर्दीच्या वेळेत हा फरक पूर्वीपेक्षा २५ ते ३५ टक्क्यांनी कमी झाला. शिवाय सहा ते सात या तासात कामाच्या जागेतून पार होणाऱ्या वाहनांची संख्या सुमारे सात टक्क्यांनी वाढली. हळू गेल्याने अधिक वाहने पुढे जातात, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. परंतु थांबत-सुटत जाणाऱ्या रांगेत प्रत्येक चालक पुन्हा निघायला क्षणभर उशीर करतो आणि अशा क्षणांची बेरीज मोठी होते. संथ पण अखंड वाहणाऱ्या प्रवाहात हा अपव्यय होत नाही. सात ते आठ या तासात मात्र वाहनांची आवकच इतकी होती की अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे तेथील आकडे केवळ सल्ल्याचे होते, त्यांना दंडाचे बळ नव्हते. फलकाचा आकडा आणि चालकांनी प्रत्यक्षात उतरवलेला वेग यांचा मेळ २० ते ६० टक्क्यांच्या दरम्यानच राहिला. एवढ्या अपुऱ्या प्रतिसादावरही तफावत कमी झाली, हे विशेष.

व्हर्जिनियात २००८ मध्ये पोटोमॅक नदीवरील वुड्रो विल्सन पुलाच्या परिसरातील कामांसाठी राजधानी वॉशिंग्टनभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गावर बदलते फलक लावण्यात आले. त्या अनुभवाच्या आधारे केलेल्या संगणकीय अभ्यासातून दोन मर्यादा स्पष्ट झाल्या. वाहनांची आवक रस्त्याच्या क्षमतेपेक्षा फार जास्त झाली की आकडे बदलून उपयोग होत नाही. आणि फलक कोठे उभा आहे यावर बरेच काही अवलंबून असते. मार्गिका बंद होण्याच्या अगदी तोंडाशी लावलेला फलक रांगेतच सापडतो. तो वाचणारा चालक आधीच थांबलेला असतो.

ब्रिटनने सक्तीचा मार्ग अधिक कसोशीने अवलंबला. तेथे महामार्गावरील कामाच्या जागी दोन कॅमेऱ्यांमधील अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढतात. त्यामुळे एका कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून पुन्हा वेग वाढवण्याची पळवाट उरत नाही. अशा ठिकाणी अनेक वर्षे सरसकट ताशी ५० मैल ही मर्यादा असे. चाचण्यांनंतर २०२० मध्ये, जेथे सुरक्षित असेल तेथे ती ६० मैलांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. चाचण्यांच्या वेळी निवडक चालकांच्या हृदयाचे ठोकेही मोजण्यात आले होते आणि त्यांतील बहुसंख्यांचे ठोके ६० मैलांच्या मर्यादेत कमी पडत असल्याचे दिसले. तेथील अवजड ट्रकांना यंत्राने ५६ मैलांवर रोखलेले असते. मर्यादा ५० असताना मोटारीच्या पाठीला ट्रक चिकटून येत; ६० झाल्यावर मोटारीला त्यांच्यापासून दूर जाता येऊ लागले. आकडा कमी ठेवला की सुरक्षा आपोआप वाढते, या समजुतीला हा चांगला छेद आहे.

आपल्याकडे रस्त्याच्या कामांच्या वेळी वाहतूक कशी हाताळावी याची भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शिका २००१ पासून आहे आणि २०१४ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही निघाली. प्रत्यक्षात मात्र मातीने भरलेल्या गोण्या, चुना फासलेले दगड आणि काठीला बांधलेले लाल फडके यांवरच पुष्कळ ठिकाणी भिस्त असते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात वर्षानुवर्षे त्या मार्गाने गणपतीला गावी जाणाऱ्यांना याचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या खात्यावर झाली. त्यातले किती अतिवेग होते आणि किती ठिकाणी रस्त्यानेच चालकाला वेळेवर सूचना दिली नाही, हे अशा कोष्टकातून कळत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९८-अ ने रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल यांतील सुरक्षा मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणेला, कंत्राटदाराला वा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. महामार्गांच्या कंत्राटांचे आकडे पाहता ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

तांत्रिक साधनांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये सुरू झालेल्या वाहतूक व्यवस्थापन प्रणालीत वेग टिपणारे कॅमेरे आहेत आणि घाटात व घाटाबाहेर वेगळ्या वेगमर्यादा पाळण्याची सवय तेथील चालकांना आहे. गोंधळ कायद्याचा आहे. याच कायद्याचे कलम ११२ वेगमर्यादा घालण्याचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला देते. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर फलक, दोन्ही लागतात. निर्बंध एक महिन्यापेक्षा अधिक काळ राहणार नसेल तेव्हा अधिसूचनेतून सूट आहे. ही मांडणी स्थिर फलकाचा विचार करूनच केलेली आहे. दर मिनिटाला बदलणाऱ्या आकड्यासाठी राजपत्र पुरे पडणार नाही आणि रुंदीकरणाची कामे महिन्याभरात आटोपत नाहीत. किमान व कमाल मर्यादेचा पल्ला एकदाच अधिसूचित करून त्याच्या आत आकडा ठरवण्याचा अधिकार नियंत्रण कक्षाला देणे, हा एक पर्याय होऊ शकतो. त्यावर दंड आकारायचा तर कोणत्या क्षणी फलकावर कोणता आकडा होता याची नोंदही न्यायालयात टिकेल अशा रीतीने जपावी लागेल. तोपर्यंत मिनेसोटाप्रमाणे केवळ सल्ल्याचे आकडे दाखवण्यास अधिसूचनेची आवश्यकता भासू नये. तीन किलोमीटरचा टप्पा १०० ऐवजी ६० च्या वेगाने ओलांडणाऱ्या चालकाचे त्यात जातात ते ७२ सेकंद.